तळ्यावरून गेलेला भोवत्या

"चेंबुरकर, तुम्हाला इथं पक्षी बघायला आणलंय, कालवे तपासायला नाही," इंदूताई गाडीच्या खिडकीतून म्हणाल्या.

चेंबुरकर कालव्याच्या काठावर उकिडवे बसून एका लोखंडी दाराकडे बघत होते. दार जरासं वर उचललेलं होतं आणि त्याच्या खालून पाणी एका बाजूच्या भातखाचरात शिरत होतं.

"आलो," ते म्हणाले, पण उठले नाहीत. "यांनी पाणी खालून सोडलंय. म्हणजे गाळ पाण्याबरोबर खाचरात जातो, कालव्यात बसत नाही."

"गाळाला नावं ठेवू नका. गाळ बसलाय म्हणून तर आपल्या नांदूरला पक्षी येतात."

"नावं कुठं ठेवतोय, कौतुक करतोय."

"कौतुक चालत्या गाडीतून करा. चला."

ते आले आणि माझ्या शेजारी बसले. त्यांच्या पँटच्या गुडघ्याला चिखल लागला होता. गाडी चालवणाऱ्या झाउमेला आमच्या बोलण्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण इंदूताई बोलायला लागल्या की तो आधीच हसून घ्यायचा.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होत आली. आम्ही तिघं नाशिकचे. हिवाळ्यातल्या रविवारी नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला जाणाऱ्यांचा आमचा एक गट होता आणि इंदूताई गुप्ते त्याच्या म्होरक्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. स्पेनला यायचं त्यांच्याच डोक्यातून निघालं. "आपल्याकडे ही बदकं माहेरपणाला येतात. सासरी कशी नांदतात ते एकदा बघू या," असं त्या म्हणाल्या होत्या. आपल्याकडची बदकं स्पेनहून येत नाहीत, सैबेरियाकडून येतात, असं मी सांगितलं. "कुमुद, तुला फाटे फोडायला पगार मिळतो का गं कॉलेजात?" असं विचारून त्यांनी तिकिटं काढायला लावली. गटातल्या बाकीच्यांनी एकेक कारण सांगून अंग काढून घेतलं. उरलो आम्ही तिघं.

एब्रो नदी समुद्राला मिळते तिथं तिनं आणलेल्या गाळाचा एक सपाट प्रदेश समुद्रात घुसलाय. सगळी भातशेती, आणि कडेनं खाऱ्या-गोड्या पाण्याची तळी. ऑक्टोबर संपत आला होता. भात कापून झालं होतं, रिकाम्या खाचरांत पुन्हा पाणी सोडलं होतं आणि लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं लावलेले ट्रॅक्टर उरलेलं काड चिखलात तुडवत फिरत होते. प्रत्येक ट्रॅक्टरमागं बगळ्यांची रांग. कुजत्या काडाचा वास इगतपुरीच्या भातखाचरांसारखाच होता, फक्त त्यात मीठ होतं.

"मग, निशिकांतला काय सांगणार?" इंदूताईंनी पुढच्या सीटवरून, मान न वळवता विचारलं.

निशिकांत चेंबुरकरांचा मुलगा, कॅनडात. त्याला वडील कायमचे तिकडे यायला हवे होते.

"रविवारी फोन करतो म्हटलंय," चेंबुरकर म्हणाले.

"ते झालं कधी. काय सांगणार?"

"बघू."

"बघू म्हणजे नाही, की बघू म्हणजे हो?"

"बघू म्हणजे बघू, इंदूताई. तो बघा, शराटी."

शेतातून खरोखरच काळ्या शराटींचा एक थवा चालत होता. इंदूताईंनी दुर्बीण लावली आणि विषय तिथं थांबला.

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला चेंबुरकरांना एक वाक्य सांगायचं होतं, तुम्ही जाऊ नका. नाशिकहून निघताना ते माझ्याजवळ होतं आणि रविवारच्या आत ते बोलायचं, असं मी ठरवलं होतं. त्यासाठीच मी आले होते. पक्षी मला नांदूरलाही दिसत होते.

आमच्यात काही होतं असं मी म्हणणार नाही, कारण त्याला पुरावा नाही. मी प्राणिशास्त्र शिकवत होते. लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल विचारायचं लोकांनीही आता सोडून दिलं होतं. चेंबुरकर पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. त्यांची पत्नी प्रमिला जाऊन काही वर्षं झाली होती. दर रविवारी पहाटे ते जीप घेऊन माझ्या गल्लीच्या तोंडाशी यायचे. हॉर्न वाजवायचे नाहीत, मी दिसेपर्यंत थांबायचे. थर्मासात दोन माणसांचा चहा असायचा आणि साखर वेगळ्या पुडीत, कारण मी घेत नाही. ते मला 'बाई' म्हणायचे आणि मी त्यांना 'चेंबुरकर'. इतक्या वर्षांत यात बदल झाला नव्हता. व्हावा असं मला वाटत होतं, आणि त्यांनाही वाटत असेल असं कधी कधी दिसत होतं. पण दिसणं आणि असणं यांत अंतर ठेवायची मला सवय आहे.

आम्ही झाउमेच्या घरीच उतरलो होतो. शेतकरी माणूस, वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायचा आणि स्वयंपाक स्वतः करायचा. त्या संध्याकाळी त्यानं एका पसरट कढईत भात आणून मध्ये ठेवला. भात कोळशासारखा काळा होता.

"करपला वाटतं बिचाऱ्याचा," इंदूताई म्हणाल्या.

झाउमेनं त्याच्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की ही माकुलाच्या अंगातली काळी शाई आहे.

"माकूल खाते मी. आमच्यात माशाला नाही म्हणत नाहीत. पण शाईनं आजवर फक्त प्रगतिपुस्तकं भरली." त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि ताट पुढं केलं. "वाढ बाबा."

जेवताना हजेरी व्हायची. ही आमची नांदूरची रीत. दिवसभरात कुणी काय पाहिलं ते जेवणाच्या वेळी तोंडानं सांगायचं. एकट्यानं पाहिलेला पक्षी धरायचा नाही, सोबतच्या दुसऱ्या कुणी 'दिसला' म्हटलं तरच तो त्या दिवसाच्या मोजणीत धरायचा. हा नियम इंदूताईंचा, आणि तो त्यांनी परदेशातही सैल केला नव्हता. त्या दिवशी झाउमेलाही हजेरीत ओढलं. त्यानं वेतात मोठा तपकिरी बगळा पाहिला म्हणून सांगितलं.

"अजून कुणाला दिसला?" इंदूताई.

कुणालाच नाही.

"मग नाही."

"पण तो तिथं राहतो," झाउमे म्हणाला. "मी त्याला रोज बघतो. माझ्या आजोबांनी त्याच्या आजोबांना पाहिलंय."

मी भाषांतर केलं. "आजोबांना घेऊन ये म्हणावं," इंदूताई म्हणाल्या. हे मी भाषांतर केलं नाही, पण तो हसला.

जेवण झाल्यावर इंदूताई गुडघ्याला तेल लावायला वर गेल्या. चेंबुरकर अंगणात उभे होते. मी गेले. ही वेळ बरी आहे असं मला वाटलं.

"रेवा परवा फोनवर काय म्हणाली माहितेय?" तेच बोलायला लागले. रेवा त्यांची नात. जन्मतः तिच्या हृदयात दोष होता, दोन ऑपरेशनं झाली होती आणि तिसरं व्हायचं होतं. "म्हणाली, आजोबा, तुम्ही माझ्या खोलीत झोपायचं. मी म्हटलं, मी घोरतो. तर म्हणाली, चालेल, मला आवाज लागतो."

"मराठीत म्हणाली?"

"मराठीतच. तिची आई रात्रपाळी करते, निशिकांत दौऱ्यावर. घरी एक बाई येऊन बसते, तिच्याशी इंग्रजी. मराठीत भांडायला रेवानं मला ठेवलंय."

त्या मुलीचं हे बोलणं कळल्यावर माझं वाक्य लगेच काढणं मला जमलं नाही. उद्या सांगू असं ठरवलं. उद्या शनिवार होता.

सकाळी झाउमेनं आम्हाला मोठ्या तळ्यावर नेलं. काठावर वेताच्या आड लाकडी खोपटं होतं, त्याला आडव्या फटी, आत एक बाक. आम्ही त्याला लपण म्हणतो. इंदूताईंनी बाकाकडे बघून नाक मुरडलं आणि काठाला बांधलेल्या होडीकडे बोट केलं.

"माझा गुडघा या फळीवर टिकायचा नाही. झाउमे, होडी काढ. आम्ही समोरच्या काठाला बसतो."

"मीही येते," मी म्हटलं.

"होडीत दोघांचीच जागा आहे." होडी चांगली लांबरुंद होती. इंदूताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. "तुम्ही दोघं इथंच बसा. आणि जरा पक्ष्यांव्यतिरिक्तही काही बघा."

झाउमे बांबू रेटत त्यांना घेऊन गेला. पाणी शांत होतं. आमच्यासमोर उथळ भागात लांब लाल पायांचे शेकाटे चरत होते, इतके जवळ की दुर्बीण लागत नव्हती. त्यांच्या पलीकडे थापट्या बदकं पाण्यात चोच बुडवून चाळणी लावत होती. काळे चांदवे, मोठ्या लालसरींचा एक कळप, आणि पार समुद्राच्या बाजूला रोहितांची फिकट गुलाबी रेघ.

चेंबुरकरांनी दुर्बिणीचा तिवई स्टँड लावला, थर्मास काढला. झाउमेकडून त्यांनी चहा करून घेतला होता. कसा, देव जाणे, त्या घरात सगळे कॉफी पीत.

"बिनसाखरेचा आहे," ते म्हणाले.

लपणात कुजबुजत बोलायचं असतं, म्हणून आम्ही जवळ बसलो होतो.

"उद्या रविवार," मी म्हटलं.

"हो."

"फोन कधी करणार?"

"संध्याकाळी. तिकडे तेव्हा दुपार असते. रेवा जागी असते." त्यांनी डोळा दुर्बिणीला लावला. "बाई, तुम्ही कॅनडाचा हिवाळा पाहिलाय का?"

"नाही."

"मीही नाही. निशिकांत सांगतो, तळी गोठतात. वरून माणसं चालत जातात. मग पक्ष्यांनी काय करायचं?"

"निघून जातात."

"हं."

एक शेकाट्या आमच्या फटीसमोरून चालत गेला, एक पाय उचलून जरा थांबला आणि पुन्हा चरायला लागला. मी कप बाकावर ठेवला.

"चेंबुरकर, मला तुम्हाला एक सांगायचंय. गेले कित्येक दिवस मी..."

त्यांनी हात वर केला.

लपणात कुणी हात वर केला की बाकीच्यांनी गप्प व्हायचं, आणि तो हात खाली येईपर्यंत शब्द काढायचा नाही. आमच्यातल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. एखादा दुर्मिळ पक्षी एका शब्दानं उडालेला प्रत्येकानं एकदा तरी पाहिलेला असतो. माझं वाक्य अर्ध्यावर होतं. मी ते गिळलं आणि दुर्बीण लावली.

पद्धतशीर शोधायचं, डावीकडून उजवीकडे, एकेक पट्टा घेत. मी वेताची कड बघितली. तिथं काही नव्हतं. उथळ पाण्यात शेकाटे माना खाली घालून चरत होते. त्यापलीकडे बदकं, त्यांच्या चोची पाण्यातच. मग आकाश. मग पुन्हा वेत, यावेळी उजवीकडून. काहीच नव्हतं. चेंबुरकरांचा डोळा दुर्बिणीला तसाच होता आणि हातही तसाच वर. त्यांच्या घड्याळाचा पट्टा सैल होऊन मनगटावरून खाली सरकला. एवढा वेळ हात वर धरला की तो दुखतो, हे मला माहीत आहे. मी तिसऱ्यांदा शोधायला लागले.

हात खाली आला.

"गेला," ते म्हणाले.

"मला दिसलाच नाही. काय होतं?"

"क्षणभरच होता."

ते थर्मासाचं झाकण लावायला लागले. झाकण आट्यांत बसेना, म्हणून पुन्हा काढून लावलं. मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा समोरून होडीवरून इंदूताईंची हाक आली. त्यांना थंडी वाजत होती.

मला इतकंच वाटत होतं की माझा एक पक्षी हुकला. वाक्य होतं तिथंच होतं. दुपारी चेंबुरकर झाउमेबरोबर त्याच्या शेताचे पाट बघायला गेले आणि अंधार पडता पडता परतले. म्हटलं, जेवणानंतर सांगू. अजून रात्र हातात होती.

जेवायला पुन्हा भात होता, यावेळी पिवळा. इंदूताईंनी हजेरी सुरू केली. त्यांचं आणि झाउमेचं झालं. तपकिरी बगळा त्यांनाही होडीतून दिसला होता, त्यामुळे झाउमेचा बगळा एकदाचा धरला गेला आणि तो खुर्चीत ताठ बसला.

"आता लपणातले सांगा," इंदूताई म्हणाल्या.

चेंबुरकरांनी सांगितलं. शेकाटे, थापटे, चांदवे, लालसरी, रोहित. प्रत्येकाला मी 'दिसला' म्हणत होते. मग ते थांबले. चमच्यानं ताटातला भात एका बाजूला केला.

"आणि एक भोवत्या," ते म्हणाले. "तळ्यावरून गेला. अगदी पाण्यालगत."

मी हातातला चमचा खाली ठेवला.

भोवत्या शिकारी पक्षी आहे, घारीएवढा. तो तळ्यावरून पाण्यालगत गेला तर काय होतं, हे पहिल्यांदा पक्षी बघायला आलेल्या माणसालाही कळतं. बदकं एकदम, सगळीच्या सगळी उठतात. चांदवे पाण्यावर पाय आपटत वेताकडे पळतात. शेकाटे तर इतका कालवा करतात की कान किटतात. त्या सकाळी आमच्यासमोरच्या एकाही शेकाट्यानं मान वर केली नव्हती.

आमच्या गटात चेंबुरकरांइतकी नजर कुणाची नव्हती. त्यांना नुसतं काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची असती तर वेतात एखादा चिमुकला वटवट्या होता म्हणाले असते. कुणी शंका घेतली नसती, मीसुद्धा नाही. त्यांनी असा पक्षी सांगितला जो तिथून कुणालाही न कळता जाऊच शकत नाही. आणि सांगताना ते माझ्याकडे बघत होते.

म्हणजे माझं वाक्य त्यांना ऐकू आलं होतं. मी ते पुरं करायच्या आधीच.

"भोवत्या?" इंदूताईंनी चष्मा वर केला. "आम्ही समोरच्याच काठाला होतो की हो. एक बदक उठलं नाही."

"होता," चेंबुरकर म्हणाले.

"आणि पाणी तसंच राहिलं?"

चेंबुरकरांचे कान लाल झाले होते. झाउमे आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होता.

"कुमुद," इंदूताई म्हणाल्या, "तुला दिसला का?"

मी चेंबुरकरांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना माझी भीती वाटत होती. मी 'नाही' म्हटलं असतं तर त्यांना त्या टेबलावर सांगावं लागलं असतं की हात कशासाठी वर केला. सांगायला लागले असते तर सगळंच बोलले असते, आणि मग मीही बोलले असते. आणि तसं झालं असतं तर ते गेले नसते, याची मला आजही खात्री आहे. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द खराही होता. ज्या मुलीला झोपताना आवाज लागतो तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तरी तो त्या खोलीत होता.

"दिसला," मी म्हटलं.

इंदूताईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "नर की मादी?"

"नर. पंखांवर राखी पट्टा होता. टोकं काळी."

"शेपटीही राखी," चेंबुरकर म्हणाले.

"कुठून आला?"

"डावीकडच्या वेतामागून," मी म्हटलं.

"आणि समुद्राच्या बाजूला गेला," ते म्हणाले. "सरळ."

"मग बदकं का नाही उठली?"

"शिकारीला आला नव्हता तो," मी म्हटलं. "त्याला लांब जायचं होतं."

"थांबला नाही कुठं?"

"थांबला नाही." मी चमचा उचलला. भात गार झाला होता. "एकदा मागं वळला होता फक्त."

चेंबुरकरांनी मान खाली घातली.

"हो," ते म्हणाले. "वळला होता. बाईंनी बरोबर पाहिलं."

इंदूताईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग चेंबुरकरांकडे. झाउमेनं काय झालं म्हणून मला खुणेनं विचारलं. मी त्याला पक्ष्याचं इंग्रजी नाव सांगितलं. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. इंदूताईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"धरला," त्या म्हणाल्या, आणि कढई चेंबुरकरांच्या बाजूला सरकवली. "जेवा आता. दोघंही."